रिकाम्या खुर्चीतला माणूस

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. मीही विसंबत नाही. तो तिसरा आठवडा होता की चौथा, हे शपथेवर सांगता येणार नाही. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कधी ठेवावा, ते मात्र कळलं नाही.

निवृत्तीनंतर मी तैलरंग शिकायला जात होतो. वर्ग दुपारी, एका छापखान्याच्या माडीवर. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी नकलेसाठी एक छापील चित्र दिलं. उजेडाच्या तुकड्यांतून उभी राहिलेली खोली : निळा पडदा, गोल टेबल, खिडकीशी रिकामी खुर्ची.

बाईंची पद्धत अशी, की छापील चित्र आणि कॅनव्हास दोन्ही उलटे टांगायचे. "सर, खुर्ची काढू नका. नुसते रंगाचे डाग काढा. डोकं मध्ये आणलंत की चित्र बिघडलं."

"आयुष्यभर तेच मध्ये आणत आलो हो," मी म्हणालो.

तीन की चार आठवडे मी इमानदारीत डाग काढले. मग बाईंनी कॅनव्हास सुलटा केला आणि खुर्चीवर बोट ठेवलं.

"सर, खुर्ची रिकामी आहे ना? मग हे... कुणाला बसवलंत?"

करड्या, जांभळट डागांचा एक माणूस. मान खाली घातलेला. मी ओशाळून हसलो आणि पातं घेऊन कापडावर मीच आधी चढवलेलं पांढऱ्या रंगाचं अस्तर दिसेपर्यंत तेवढा भाग खरवडला. पुन्हा छापील चित्राबरहुकूम डाग काढले. पुढच्या आठवड्यात कॅनव्हास सुलटा केला, तर माणूस जागेवर होता. मान मात्र आता वर होती.

"हे सोडून द्या, सर..." बाई हळूच म्हणाल्या. "दुसरं घेऊ."

संध्याकाळी लेकीला सांगून बसलो. चूकच झाली. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आता आमच्याकडेच या. खोली तयार आहे. पडदेसुद्धा लावलेत."

"मला वेड लागलेलं नाही."

"कोण म्हणतंय तसं?"

"तुझे पडदे म्हणताहेत."

चित्र सोडलं असतं, तर वेड लागल्याचं तिच्यापुढे कबूल केल्यासारखंच झालं असतं. घर गेलं असतं, आणि मग मी खरोखरच कुणाच्या तरी खिडकीशी मान खाली घालून बसलो असतो. मी कॅनव्हास घरी आणला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दार लावलं, कॅनव्हास सुलटा ठेवला.

"बसलाच आहात तर बसा," मी म्हणालो. "पण हलायचं नाही. मी तुम्हाला आता नीट बघून काढणार आहे."

जवसाच्या तेलाचा वास दाटला. त्यात ओल्या मातीचा एक वास मिसळला होता, तो माझ्या डब्यांतला नव्हता. माझ्या पाठीमागे वेताची खुर्ची करकरली... माझ्या घरात वेताची खुर्ची नाही.

मी वळलो नाही. "हात जरा उजेडात घ्या."

पुन्हा करकर. चित्रात तो हात गुडघ्यावरून उचलला गेला आणि उजेडात येऊन थांबला.

"आभारी आहे," मी म्हणालो, आणि काढला. पाचही बोटं काढली. चेहरा काढताना त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो; नजर आधी त्याने वळवली. मी कोपऱ्यात सही ठोकली, चित्र दिवाणखान्यात लावलं आणि लेकीला चहाला बोलावलं. "म्हणजे माणूस तुम्ही मुद्दामच काढलात," ती सहीवरून बोट फिरवत म्हणाली. पडद्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी अजून त्याच घरात राहतो.

नऊ वर्षांनी चित्राला कोपऱ्यात चीर गेली, म्हणून जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना दाखवलं. त्यांनी खुर्चीच्या कडेचा कोंड्याएवढा पापुद्रा काढून भिंगाखाली धरला.

"माणूस आधी काढलात, खोली मागाहून," ते म्हणाले.

"उलट आहे. आधी खोली."

त्यांनी आणखी तीन ठिकाणचे पापुद्रे काढले आणि मला भिंगातून बघायला लावलं. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. चारही पापुद्र्यांत वर पडदा, भिंत, खुर्ची. आणि सगळ्यांच्या खाली, पांढऱ्या अस्तराच्याही खाली, थेट कापडावर, तो करडा-जांभळा रंग होता.

कापड मी स्वतः नव्या ताग्यातून कापून घेतलं होतं.