आत बसलंय कोण?

"ढकला! जेवला नाहीत का?" टिचकी ओरडली.

"जेवलोय, पण विमान ढकलण्याइतकं नाही!" पैलवान धापा टाकत म्हणाला. नावाचाच पैलवान तो, फुंकर मारली तर उडाला असता!

विमान बाहेर काढून त्याची शेड, म्हणजे हँगर, झाडायचा म्हणून विमान दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी या तीन मावसभावंडांना कामाला जुंपलं होतं. टिचकीचं मात्र कशातच लक्ष नव्हतं. मावशीचं हे दोन आसनी विमान आजोबांच्या वयाचं. गेल्या आठवड्यात ते धावपट्टीवर उतरताना अचानक डावीकडे वळलं आणि गवत कापणाऱ्या काकांवर गेलं. काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मावशीनं डावा ब्रेक जास्त दाबला, असं सगळे म्हणाले. आता मावशीही तेच म्हणायची. नीट जेवायची नाही, कुणाशी बोलायची नाही. आज चार वाजता विमान खात्याचे बडेसाहेब तिचा परवाना कायमचा रद्द करणार होते.

विमान डावीकडे वळून पिंपावर आपटलं.

"पैलवाना, सरळ ढकल!"

"सरळच ढकलतोय!"

त्यांनी बाजू बदलल्या. पुन्हा तेच! तिसरा भाऊ शंकासुर चष्मा सावरत म्हणाला, "आत बसलंय कोण?"

"कुणी नाही."

"मग डावा ब्रेक कुणाच्या पायानं लागतोय?"

टिचकी टुणकन विमानावर चढली. ब्रेकच्या तेलाची दोन भांडी होती. तिनं भराभर झाकणं उघडली. उजव्यात लाल तेल, डाव्यात पिवळट!

"अरे, हात लावू नका!" मिस्त्रीकाका धावत आले. "मागच्या महिन्यात लाल संपलं होतं, म्हणून गाडीच्या ब्रेकचं ओतलं. तेल ते तेल!"

"साहेबांना सांगाल?" टिचकीनं विचारलं.

"चला, पळा इथून!"

टिचकी पळाली, पण थेट साहेबांच्या खोलीत. "साहेब, विमान तुमच्या गाडीवर आदळणार! आम्हाला आवरत नाहीये!"

साहेब धावले. मागोमाग मावशीही आली. साहेबांनी स्वतः खांदा लावला, तरी विमान डावीकडेच!

"साहेब, सरळ ढकला ना!" पैलवान म्हणाला.

"सरळच ढकलतोय!" साहेब खेकसले. त्यांनी रिकाम्या आसनाकडे पाहिलं.

मग डावं चाक उघडलं. चुकीच्या तेलानं आतलं रबर भिजलेल्या वाटाण्यासारखं फुगलं होतं. एकदा दाबलेला ब्रेक सुटतच नव्हता. "माझ्यामुळे… त्याचा पाय माझ्यामुळे गेला," मिस्त्रीकाका म्हणाले.

"शाबास, पोरांनो!" साहेब म्हणाले. "बाई, परवाना तुमचाच. मी चुकलो."

मावशीनं टिचकीला इतकं घट्ट धरलं की तिला श्वास घेता येईना.

"चल, दवाखान्यात जाऊ," मावशी म्हणाली.

"आत्ता?"

"गवत कापणाऱ्या काकांनी मला विचारलं होतं, 'पोरी, माझ्याकडे का वळलीस?' मला उत्तर देता आलं नव्हतं गं."