पुठ्ठ्यामागचा फासा

ज्यांना हे पटणार नाही, त्यांनी इथेच थांबावं. नंतर मला शहाणपण शिकवायला येऊ नका. त्या फरशीवरचं रक्त मी स्वतः पुसलंय.

रविवार होता. भर दुपार. दाजींचं वेल्डिंगचं वर्कशॉप, शटर अर्धं खाली.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. दर रविवारी तिथे आमचा खेळ रंगायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. प्रत्येकाचा एक मनातला योद्धा, आणि दाजी गोष्ट सांगणार. गोष्टीत राक्षस आला की त्याच्या वतीने फासा टाकणारेही तेच. वीस बाजूंचा फासा. आकडा मोठा पडला तर घाव लागला, लहान पडला तर हुकला. वीस पडले की योद्धा खलास.

फासा ते एका उभ्या पुठ्ठ्यामागे टाकायचे. गोष्ट चालवणाऱ्यांची तशी रीतच असते. आकडा त्यांनी बघायचा, आम्ही फक्त ऐकायचं... लागला की हुकला.

मी, ताई, दाजी, आणि चौथा गडी दाजींचा जुना दोस्त, वायरमन. जिभेला हाड नाही, पण मनाने साफ. त्या रविवारी त्याच्या योद्ध्यावर वीस पडले. कित्येक वर्षं जपलेला योद्धा एका फटक्यात मेला.

"जाऊ दे, नशीब आपलं!" तो हसत उठला. पाण्याची बाटली घ्यायला पुठ्ठ्याच्या पलीकडे गेला... आणि तिथेच थबकला.

दाजींनी नुकताच राक्षसाच्या वतीने ताईच्या योद्ध्यावर फासा टाकला होता. "हुकला," ते म्हणाले.

फाशावर अठरा होते.

"बायकोला अठराचा हुकला, आणि मला वीसचे वीस?" वायरमनने दाजींची कॉलर धरली.

"अरे, खेळ आहे हा..."

त्याने ठोसा हाणला. दाजींचा ओठ फाटला.

"एकदा उघड्यावर टाकून दाखव!" एवढं बोलून तो निघून गेला.

त्याच आठवड्यात तो विजेच्या खांबावर चढला. लाइन बंद आहे, असं त्याला सांगितलं होतं.

ती चालू होती.

त्यानंतर आमचा खेळ बंदच पडला. मग एकदा ताईच म्हणाली, "अहो, त्याच्या आठवणीत एक डाव खेळू या ना."

त्याचं स्टूल रिकामं ठेवलं. दाजींनी पुठ्ठा उभा केला. गोष्टीत लांडगा आला आणि ताईवर झेपावला.

खट... खट... खट.

फासा बघून दाजींचा चेहरा उतरला. पण जित्याची खोड!

"हुकला."

ताई किंचाळली.

तिच्या दंडाचं मांस फाटलं होतं. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. रक्त टेबलावर सांडत होतं. आणि तिच्याजवळ कुणी नव्हतं... साधं कुत्रंसुद्धा नाही.

"खेळ बंद करा, दाजी!" मी ओरडलो.

दाजींनी दोन्ही हातांनी तिचा दंड आवळून धरला. दोन्ही हातांनी. हे नीट लक्षात घ्या...

कारण पुठ्ठ्यामागे पुन्हा वाजलं.

खट... खट... खट.

ताई फरशीवर आपटली. तिच्या मांडीत काहीतरी रुतलं आणि तिला ओढू लागलं... त्या रिकाम्या स्टुलाकडे. मी हातोडा उचलला आणि हवेत घाव घालत सुटलो. कशावर मारणार होतो, देव जाणे.

तेव्हा दाजींनी पुठ्ठा फाडून फेकला.

टेबलावर फासा एकटाच गरगरत होता.

"तिचा काय दोष, दोस्ता?" दाजी रडत होते. "खोटं मी बोललो! तिचे सगळे घाव माझ्यावर टाक. हे बघ... उघड्यावर!"

फासा थांबला. तीन.

"हुकला," दाजी म्हणाले.

ताईची मांडी सुटली. सुटकेने मला हसूच फुटलं. वाटलं, माफ केलं त्याने.

फासा पुन्हा फिरला.

"अठरा. लागला." दाजींचा खांदा फुटला.

"सतरा. लागला." बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळक्या फांद्यांसारखा.

"एकोणीस..." तोंडातून रक्त आलं, दात पडले. पण आकडा त्यांनी खराच सांगितला. प्रत्येक वेळी. मी त्यांना मिठी मारली, झाकून घेतलं. काही उपयोग झाला नाही.

शेवटचा आकडा त्यांनी अगदी स्पष्ट उच्चारला.

"वीस."

त्यांचा गळा माझ्या मिठीत फाटला.

ग्राइंडरची चकती फुटली, असं आम्ही पोलिसांना सांगितलं. दुसरं काय सांगणार?

ताई वाचली. लंगडते, पण आहे. तिला झोप लागत नाही. परवा मी तिची समजूत काढत होतो, "दाजींनी सगळं फेडलं, ताई. आता काही उरलं नाही."

तिने मांडीवरचा व्रण चोळला.

"माझं फेडलं रे."

"म्हणजे?"

"मी त्यांच्या शेजारी बसायचे. पुठ्ठ्यामागचं मला दिसायचं." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुझ्या वेळीही ते हुकलाच म्हणायचे, बाळ्या."

किती वेळा, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.