आप्पांच्या हातातला दोर

आप्पा मगदुमांनी पेवाच्या तोंडातून कंदील खाली सोडला. तो विझला नाही, तेव्हा त्यांची लेक राजमती कमरेला दोर बांधून उतरली. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीखालची खोली. तोंड लिंपलं की आत हवा नाही, कीड नाही. हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी. शीतगोदामांच्या त्या काळात हरिपुरात असं एकच पेव उरलं होतं, आणि त्याचा रिवाज आप्पा सोडत नव्हते. उतरणाऱ्यानं बाहेर आल्यावर ‘वर आलो’ असं मोठ्यानं म्हणायचं. ते कानावर पडेपर्यंत दोर धरणाऱ्यानं मूठ सोडायची नाही.

“वजन वाढलंय गं तुझं,” वरून आप्पा म्हणाले.

“का दोर म्हातारा झालाय?”

त्यांचं हसू खाली ऐकू आलं आणि मध्येच तुटलं.

आधी आप्पांकडं धावलेल्या हमालांनी मग दोर धरून तिला ओढून काढलं, तेव्हा आप्पा आडवे पडले होते आणि ॲम्ब्युलन्समधल्या डॉक्टरनं त्यांच्या कण्यात सुई दिलीही होती. ‘वर आले’ म्हणायचं राहूनच गेलं. म्हणायचं तरी कुणाला?

रक्ताची गुठळी मेंदूच्या धमनीत अडकली की पुढच्या पेशी प्राणवायूवाचून काही मिनिटांत मरू लागतात. त्या सुईतलं औषध गुठळीला हात लावत नसे. ते पेशींची भूकच मारून टाकी. उपाशी पेशी मरत नसत, निजत. शास्त्रज्ञ त्याला पेशीनिद्रा म्हणत. सांगलीकडच्या लोकांनी त्याचं नाव पेवच ठेवलं.

अडचण उघडण्याची होती. गुठळी केव्हाही काढता येई. पण फार काळ निजलेल्या पेशींना परत आलेलं रक्तच सोसत नसे. माणूस दोन-चार मिनिटं जागा होई आणि मग कायमचा जाई. ते रक्त सोसवणारं औषध आज ना उद्या निघेल, या आशेवर इस्पितळांतून अशी माणसं यंत्रांच्या आधारानं झाकून ठेवलेली होती. उघडायचं की नाही, हे जवळच्या माणसानं ठरवायचं. राजमती कित्येक वर्षं ठरवत होती. पुण्यातली नोकरी तिनं सोडली होती. दर रविवारी ती आप्पांना पुसून घेई, नखं कापी आणि वळलेल्या उजव्या मुठीची बोटं तेल लावून एकेक करून सोडवी. मूठ पुन्हा वळे.

एकदा डॉ. शहनाज इनामदारांनी तिला समोर बसवलं आणि चहा मागवला. त्या चहा मागवत, तेव्हा बातमी बरी नसे.

“पेशी थांबतात असं आम्ही समजत होतो,” त्या म्हणाल्या. “त्या थांबत नाहीत, मंदावतात. तुमची इतकी वर्षं म्हणजे आप्पांचे काही क्षण.”

“म्हणजे त्यांना कळतंय?”

“त्यांच्यासाठी अजून तीच दुपार आहे. त्यांच्या मेंदूत एक संदेश वर्षानुवर्षं चढत चाललाय. यंत्रातला दोष समजून आम्ही तो सोडून देत होतो. तो उजव्या हातासाठी आहे.”

“काय संदेश?”

“घट्ट धर.”

राजमतीनं आपल्या बोटांकडं पाहिलं. तेलाचा वास अजून गेला नव्हता.

औषध येईल का, तिनं विचारलं. येईलही, इनामदार म्हणाल्या. तोवर ते धरून राहतील.

तिनं उघडायला सांगितलं.

आप्पांशी बोलायचं बरंच काही तिनं मनात जुळवून ठेवलं होतं. गुठळी निघाली. जरा वेळानं त्यांचे डोळे उघडले, पण ते तिच्याकडं वळले नाहीत. ते पलंगाच्या कडेवरून खाली, खोल कुठंतरी पाहत होते. कपाळावर घाम होता आणि मूठ घट्ट आवळलेली होती. तिनं त्या मुठीला हात लावला नाही. ती उठून त्यांच्या नजरेसमोर उभी राहिली आणि पेवाच्या तोंडाशी म्हणतात तसं, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाली,

“आप्पा, वर आले. सोडा दोर.”