आत माणूस आहे

साबणाच्या कारखान्यात मी कामगारांना सुरक्षेचे धडे देते. बारा वर्षं माझी तीच टकळी. धोका वेगळा, जोखीम वेगळी. मिक्सरची पाती हा धोका; ती फिरू शकतात आणि तुम्ही आत आहात, ही जोखीम. म्हणून आत उतरणाऱ्यानं आधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं लाल कुलूप घालायचं. त्यावर आपला फोटो आणि 'आत माणूस आहे' अशी पट्टी. किल्ली एकच, ज्याची त्याच्या खिशात. दुसऱ्या कुणी त्या कुलपाला हात लावायचा नाही, मग तो मालक का असेना.

माझा धाकटा भाऊ तिथेच फिटर होता. पात्यांवर वाळलेला साबण खरवडायला तो मिक्सरमध्ये उतरला, तेव्हा जेवणाची सुट्टी होती. मॅनेजरला वाटलं, पठ्ठ्या कुलूप तसंच ठेवून जेवायला गेला. माल अडला होता. त्यानं कटर आणून कुलूप तोडलं आणि बटण दाबलं. हे इलेक्ट्रिशियननं लांबून पाहिलं, मला एकटीला सांगितलं, आणि चौकशीत मूग गिळून बसला.

चौकशीत मॅनेजर म्हणाला, कुलूप लावलंच नव्हतं. अहवालात आलं: कामगाराचा निष्काळजीपणा. ज्याला मी शिकवलं, तो निष्काळजी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईनं तर बाहेर तोंड दाखवणंच सोडलं. मला एवढंच हवं होतं, की या माणसानं स्वतःच्या हातानं खरं लिहून द्यावं. खोटं कशाला बोलू, त्यानं तडफडावं असंही वाटायचं.

दोन आठवड्यांनी मिक्सर सुरू करायचं ठरलं. सकाळी आठला आम्ही पाहतो तर मेन स्विचवर लाल कुलूप. भावाचा फोटो, त्याचंच अक्षर, तारीख त्याच सकाळची.

मॅनेजरनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लावलं. मी तर सातपासून वीस जणांपुढे बोलत होते. त्यानं कुलूप तोडलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. अपघातानंतर बसवलेल्या कॅमेऱ्यात स्विचजवळ कुणीच आलेलं दिसेना. एका क्षणी स्विच मोकळा, पुढच्या क्षणी कुलूप. तिसऱ्या दिवशी मी ते हातात धरलं. ते कोमट होतं, कुणाच्या तरी खिशातून नुकतंच निघाल्यासारखं. मिक्सरच्या आतून खरवडल्याचा आवाज येत होता. झाकण उघडलं, आत कुणी नव्हतं.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "खरं लिहून द्या. कदाचित थांबेल."

"ताई, जो गेला त्याच्यासाठी मी माझी नोकरी घालवू?"

दुसऱ्या दिवशी स्विच मोकळा होता. मिक्सर दिवसभर फिरला. मॅनेजर शीळ घालत हिंडला. मी घरी येऊन रडले. भावानंही हात टेकले, असं वाटलं.

रविवारी सकाळी मॅनेजरच्या बायकोचा फोन आला. नवरा अंघोळीला गेलाय, आणि बाथरूमच्या बाहेरच्या कडीला लाल कुलूप आहे. त्यावर तुमच्या भावाचा फोटो आहे. दोन कटर मोडले.

भावाच्या खिशातली किल्ली दवाखान्यानं मला दिली होती. त्यांचं घर चालत दहा मिनिटांवर. मी किल्ली मुठीत धरली आणि जागची हलले नाही.

"त्यांना म्हणावं, आधी लिहून द्या."

तिनं दाराखालून कागद-पेन सरकवलं. मला फोनवर त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

कागद बाहेर आला. तिनं वाचून दाखवला: कुलूप लावलेलं होतं. ते मी तोडलं. बटण मी दाबलं.

"आता या हो ताई."

"खाली सही आहे?"

"दोन आहेत."

"दोन?"

"एक ह्यांची. दुसरी डावखुऱ्या माणसानं केल्यासारखी, शाई फिसकटलीय. ताई, आत तर हे एकटेच गेले होते."

माझा भाऊ डावखुरा होता. मी तिला विचारलं, आतून काही ऐकू येतंय का.

ती दाराला कान लावून आली असावी. म्हणाली, काहीतरी खरवडल्यासारखं.