मागच्या चाकाचा आकडा

यातलं एक अक्षरही खोटं नाही. खोटं बोलून मला मिळणार काय? उलट खरं सांगितल्यावर माझीच लाज निघणार आहे.

आणि असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं कोणाला वाटत असेल, तर ते डोक्यातून काढून टाका.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बाहेर डोळे दिपतील असं ऊन. मी माझ्या दुकानात होतो आणि समोर एक बाई घड्याळाचा पट्टा बदलून घ्यायला उभ्या होत्या.

मी घड्याळवाला. जिन्याखाली एवढंसं दुकान. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग. दोन गिऱ्हाईकं आली की तिसऱ्याने रस्त्यावर उभं राहायचं.

"अहो, तुमचं काहीतरी वाजतंय," बाई म्हणाल्या.

घड्याळवाल्याकडे काहीतरी वाजणारच. मी मानही वर केली नाही.

पण मग मलाही ऐकू आलं...

पी... पी... पी.

तीन बारीक बीप. जरा थांबून परत तीन.

माझ्या हातातला चिमटा खाली पडला.

तो आवाज मी ओळखत होतो. तो मीच बंद केला होता. स्वतःच्या हाताने.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे नीट कळेल.

माझे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर मोटारसायकलवर, या इमारतीतून त्या इमारतीत. एकदा भर रस्त्यात मागच्या टायरमधली हवा गेली आणि पडता पडता वाचले. तेव्हा त्यांनी हवेचा दाब दाखवणारे सेन्सर आणले. बोराएवढे असतात. व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसवायचे. आत नाण्यासारखी चपटी बॅटरी. हँडलवर छोटा डिस्प्ले, त्यावर पुढचा आकडा ३३, मागचा ३६.

चार-पाच महिन्यांत बॅटरी संपायची. आणि नाण्यासारख्या बॅटऱ्या म्हणजे तर माझंच राज्य.

"काय डॉक्टर, पेशंट परत आयसीयूत आलाय," असं म्हणत भावजी सेन्सर माझ्या टेबलावर टाकायचे. मला ते डॉक्टरच म्हणायचे.

एकदा मी म्हटलं, "थांबा भावजी, तुमचा कायमचा बंदोबस्त करतो."

त्याच मापाच्या, चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या मी मागवल्या होत्या. फेकाफेकी नको. संपली की चार्ज करायची, परत बसवायची.

"चालेल ना पण?"

"अहो, मी काय कालपासून बसलोय का या धंद्यात?"

चालणार नाही, हे मला निम्मंअर्धं माहीत होतं. सेन्सरला तीन व्होल्टची बॅटरी लागते. चार्ज होणारी पूर्ण भरली की चारच्याही वर जाते. शिवाय साध्या बॅटरीच्या मानाने तिच्यात जेमतेम पाव दम. संपते तीही एकदम, न सांगता. सेन्सरच्या खोक्यातल्या कागदावर सरळ लिहिलं होतं, असल्या बॅटऱ्या घालू नका. तो कागद मी वाचला होता.

पण मी घड्याळवाला. घड्याळात बॅटरी मेली की काटा थांबतो. माणूस दोन शिव्या घालतो आणि माझ्याकडे येतो. याहून वाईट काही होऊ शकतं, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

पंधरा दिवसांत भावजी परत हजर.

"डॉक्टर, तुमच्या औषधाने पेशंट दिवसभर रडतोय हो!"

डिस्प्ले वाजत होता. सेन्सरचा सिग्नल तुटला की तो तसा तीन-तीन वेळा वाजायचा. आणि शेवटचा आलेला आकडा तसाच दाखवत राहायचा.

मी बॅटऱ्या चार्ज करून दिल्या. आठ दिवसांनी परत तेच. त्या दिवशी दुकानात चार गिऱ्हाईकं होती. भावजींनी सगळ्यांसमोर माझी टोपी उडवली. सगळे हसले. मीही हसलो, पण आतून चांगलाच भडकलो.

तेव्हाच साध्या बॅटऱ्या घालून द्यायला हव्या होत्या. समोरच्या खणात पाकीट होतं. पण मग माझं चुकलं हे कबूल करावं लागलं असतं ना.

मी बॅटऱ्या पुन्हा चार्ज केल्या. आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बीपच बंद केली.

"आता नाही वाजणार."

"दुरुस्त झालं?"

"झालं."

एवढंच बोललो मी. एक शब्द.

बारा दिवसांनी भावजी गेले.

मागच्या टायरमध्ये खिळा होता. हवा हळूहळू जात राहिली, टायर तापला आणि वळणावर रिमवरून निसटला. समोरून टेम्पो येत होता.

भावजींच्या वस्तू एका पिशवीत घरी आल्या. हेल्मेट, पाकीट, पान्हे, तो डिस्प्ले आणि मागच्या चाकाचा सेन्सर. पुढचा फुटून गेला होता.

"हे तुझ्याकडचंच ना? घेऊन जा," ताई म्हणाली.

दुकानात येऊन मी शटर ओढलं. डिस्प्ले सुरू केला.

मागचं चाक... ३६.

ज्या टायरात हवेचा टिपूस नव्हता, त्याचा आकडा ३६!

सेन्सर उघडला. बॅटरी मोजली. ठार मेलेली. अपघाताच्या तीन-चार दिवस आधीच संपलेली असणार. भावजी त्या ३६ कडे बघत गाडी चालवत राहिले. माझ्या भरवशावर.

मग मी काय केलं ते सांगतो. हातोडी घेतली आणि त्या सेन्सरचा चुरा केला. कागदात गुंडाळून दोन चौक लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो. डिस्प्ले मात्र फोडवला नाही. आतली बॅटरी काढली आणि तो खालच्या खणात ठेवून दिला.

कोणी मला काहीच विचारलं नाही. खिळा होता, नशीब होतं, संपलं.

पण ताईसाठी ते संपलं नव्हतं. तिच्या सासूबाईंना पाच वाजता डॉक्टरांकडे न्यायचं होतं. म्हणून चार वाजता तिने भावजींना फोन केला होता, "निघालात का? जरा लवकर या." चार वाजून दहा मिनिटांनी अपघात झाला.

"मी घाई केली रे," ती म्हणायची. "मी फोन केला नसता तर ते आरामात आले असते."

तेव्हापासून तिने बाहेर असलेल्या कोणालाच फोन केला नाही. माझी भाची कॉलेजातून यायला उशीर करायची, तरी ताई फोन लावायची नाही. फाटकात जाऊन उभी राहायची. तासतासभर. ऊन असो, पाऊस असो.

मी दर रविवारी तिच्याकडे जायचो. चहा प्यायचो. "तुझी काही चूक नाही गं," असं म्हणायचो आणि घरी यायचो.

आता परत त्या मंगळवारी या.

बाई गेल्या. मी खण उघडला...

डिस्प्ले चालू होता.

आत बॅटरी नाही. गाडीला जोडायची वायर तुटलेली. तरी चालू.

पुढचं चाक कोरं. मागचं चाक... ३६.

बघता बघता ३५.

मग ३४...

शेवटचा आकडा अडकून राहिला असता तर मी समजू शकलो असतो. पण हा बदलत होता. म्हणजे कुठूनतरी सिग्नल येत होता.

एक गोष्ट सांगतो म्हणजे तुम्हालाही कळेल मी का घाबरलो. तो सेन्सर चार-पाच मीटरच्या आत असला तरच डिस्प्लेला ऐकू येतो. आणि चाक फिरत असेल तरच तो सिग्नल पाठवतो.

माझ्यापासून चार-पाच मीटरवर कुठलंतरी चाक फिरत होतं.

मी बाहेर आलो. रस्ता सुनसान. उभी केलेली एक सायकल, बस. परत आत आलो.

२९... २४... १७...

शून्य.

आणि स्क्रीन काळी पडली.

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी डिस्प्ले घरी नेला, तर घरी वाजला. बायको म्हणाली, "कसला तो आवाज? बंद करा ना."

बंद करा म्हणे. मी सेटिंग उघडून पाहिलं. बीप बंदच होती.

पाचव्या दिवशी मी डिस्प्ले रुमालात गुंडाळला आणि ताईकडे गेलो. आज सांगायचंच, काय व्हायचं ते होऊ दे.

ताई स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. तिने चहा टाकला. मी घड्याळाकडे बघत होतो. चार वाजून नऊ.

तोंड उघडलं... आणि रुमालातून आवाज आला.

पी... पी... पी.

ताईचे हात थांबले.

मला वाटलं ती किंचाळेल. पण तिचा चेहरा एकदम मऊ झाला. किती महिन्यांनी मी तिला तशी पाहिली!

"हा त्यांच्या गाडीचा आवाज ना? गल्लीत शिरले की मला इथे ऐकू यायचा. मग बंद झाला. म्हणाले, छोट्याने दुरुस्त करून दिलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "किती कौतुक करायचे रे तुझं."

मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

"ताई," मी म्हटलं, "मी दुरुस्त नव्हतं केलं."

आणि सगळं सांगितलं. बॅटरी, तो कागद, बीप, हातोडी, कचराकुंडी. रुमालातला डिस्प्ले वाजतच होता. चहा उतू गेला. आम्ही दोघंही उठलो नाही.

मी थांबल्यावर तिने एकच विचारलं.

"मग माझ्या फोनमुळे नाही?"

"नाही ताई. ते हळू आले असते तरी टायर निसटलाच असता. तुझा काहीच दोष नव्हता."

तिने गॅस बंद केला. ओटा पुसला. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली,

"चौदा महिने. चौदा महिने मी फाटकात उभी राहतेय. आणि तू इथे, या खुर्चीत बसून माझ्या हातचा चहा पीत होतास."

मी रुमाल तिच्याकडे सरकवला.

"बॅटरीची चूक मी माफ केली असती रे. ते तर हसले असते तुला. पण हे..."

तिने रुमाल उघडला. डिस्प्ले हातात घेतला. मी बसलो होतो तिथून मला स्क्रीन दिसत नव्हती. तिला दिसत होती. ती बघत राहिली, बघत राहिली, आणि तिचे डोळे भरून आले.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"हे राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली. "तू जा आता."

याला आठ महिने झाले. ताई माझ्याशी बोलत नाही. दार भाची उघडते आणि दारातूनच सांगते, "मामा, आई झोपलीय."

परवा भाचीने मला जिन्यात गाठलं. सांगू की नको असं करत शेवटी म्हणाली. ताई आता फाटकात उभी राहत नाही. उशीर झाला की सरळ फोन करते, ओरडते, जेवायला काय करू ते विचारते. पण रोज चारच्या सुमाराला तो डिस्प्ले घेऊन ओट्यापाशी बसते. हळू आवाजात बोलते. मध्येच हसते. भाचीने एकदा डोकावून पाहिलं.

"मागचं चाक चालू होतं मामा. आकडा कमी होत नव्हता. वाढत होता..."

"तुझे बाबा माझ्याबद्दल काही..." मी विचारलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

तिने मान खाली घातली. "आईने एकदा तुमचं नाव काढलं होतं. तेव्हा ते बंद पडलं. आता ती काढत नाही."

दुकानात मी चार वाजले की हातातलं काम खाली ठेवतो. कान देऊन बसतो. सगळी घड्याळं टिकटिकत असतात. बाकी कसलाच आवाज येत नाही.

एकदा तरी वाजावं हो. मला रागवायला का होईना, पण एकदा तरी वाजावं.