चौकीच्या टेकडीवरची हाक

काकतीच्या पुढे, निपाणीकडे जाताना हायवे सोडून आत वळलं की चौकीची टेकडी लागते. हल्ली तिला व्ह्यू पॉइंट म्हणतात. लग्नाच्या वाढदिवसाला तिथं जायचा हट्ट माझ्या बायकोचा, वसुधाचा. माझं आयुष्य बेळगावच्या कोर्टात गेलं. असल्या जागी जाणाऱ्यांची मला कीव येते.

वर काय, तर चिप्सची पाकिटं, पहाऱ्याची एक पडकी चौकी, गंजलेला कठडा आणि एक पाटी. कुणी राजा इथं घोड्याला पाणी पाजायला थांबला होता म्हणे. आपल्याकडे बिनराजाची टेकडी सापडायची नाही. खालची तंबाखूची शेतं मात्र बरी दिसत होती.

वसुधा फोटो काढत चौकीमागे गेली. दिवस मावळत होता. सोनाबाई नावाची एक धनगरीण मेंढरं परतवत होती आणि लांब असलेल्या नवऱ्याला टाळ्या वाजवून बोलावत होती. तोंडाला काय झालंय, असं मी विचारलं.

"हितं नावानं हाक मारत न्हाईत, सायब," ती हळूच म्हणाली. "नाव डोंगरावरच ऱ्हातंय..."

अडाणीपणालाही काही मर्यादा असते. मी मुद्दाम कठड्याशी उभा राहून बेंबीच्या देठापासून वसुधाला हाक मारली. मी हाक मारायची आणि तिनं 'आले' म्हणायचं, हे इतक्या वर्षांत कधी चुकलं नव्हतं.

उत्तर आलं नाही. सोनाबाईनं माझ्याकडे न बघता मेंढरं खाली हाकलली. वारा पडला. मेंढरं दिसेनाशी झाली, तरी ओल्या लोकरीचा वास वाढतच चालला. मग चौकीमागून वसुधा आली आणि न बोलता गाडीत बसली. रुसली असेल, म्हटलं.

उतरताना पहिल्याच वळणावर टेकडीवरून आवाज आला.

"अहो... थांबा की... आले मी..."

वसुधाचाच आवाज. मी शेजारी पाहिलं. ती समोर बघत होती, ओठ मिटलेले. मला भीती वाटली, आणि त्या भीतीची लाज जास्त वाटली. असल्या खुळचटपणापायी गाडी थांबवणारा माणूस मी नव्हे. मी गिअर बदलला.

काल ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती. मी नावानं हाका मारल्या. ती वळली नाही. घरात तोच लोकरीचा वास होता.

शेवटी, कुणी बघत नाहीसं पाहून, मी हळूच टाळी वाजवली.

ती लगेच आली.