शुक्रावरचा सिदू

"दिवाळीचा फराळ खाऊन वजन घटतं व्हय गं?" गोरोबानं चकली मोडत विचारलं.

हर्षालीनं घरात डोकावून पाहिलं. आत आई पिशवी भरत होती. हर्षालीचा दहा महिन्यांचा भाऊ सिदू गेल्या महिन्यात आठ किलो होता. काल अंगणवाडीत सात किलो तीनशे भरला. उद्यापासून चौदा दिवस त्याला घेऊन आईनं वजन वाढवण्यासाठी धाराशिवच्या दवाखान्यात राहायचं होतं. "माझंच दूध कमी पडलं," एवढंच ती कालपासून म्हणत होती. सिदू मात्र मजेत लाडवाचा चुरा चाटत होता.

"आमच्या धाकट्या नंदीशचंबी घटलंय. गल्लीतल्या पाचही पोरांचं," गोरोबा म्हणाला.

"पाचही? सगळी एकदम कशी आटतील?" हर्षाली उठली. "चल, काटा बघू."

या महिन्यात अंगणवाडीचा काटा मोडला म्हणून सेविका नीलाताईंनी शाळेच्या कपाटातला मागून आणला होता. अंगणवाडीत तो बघताच गोरोबानं जीभ चावली. चकतीवरचे आकडे त्याच्याच हातचे होते!

विज्ञान प्रदर्शनात दोघांनी चार काटे टांगले होते. एकच दप्तर चंद्रावर, मंगळावर, शुक्रावर, गुरूवर किती भरेल? ज्याची गुरुत्वाची ओढ जेवढी, तेवढं वजन. शुक्राची ओढ पृथ्वीच्या सुमारे नऊ-दशांश, म्हणून गोरोबानं कागदाच्या चकतीवर दहाच्या जागी नऊ लिहिलं होतं. पुढं 'शुक्र' लिहिलेली चिठ्ठी गळाली, आणि शाळेतल्या शिवलिंग सरांनी काटा न बघताच नीलाताईंना देऊन टाकला.

"ताई, हा शुक्राचा काटा आहे."

"सुट्टीत माझी फिरकी घेता व्हय? रजिस्टरात चढलंय ते," नीलाताई म्हणाल्या.

हर्षालीनं वाद घातला नाही. ती पळत जाऊन आईला आणि सिदूला घेऊन आली. सिदूला झोळीत टांगलं. काटा सात किलो तीनशेवर थांबला. आईनं मान फिरवली.

"आई, इकडं बघ."

गोरोबानं काच उचकटली. हर्षालीनं नखानं कागद सोलला. खालून कंपनीची जुनी चकती निघाली. काटा होता तिथंच होता. त्याच्याखाली आकडा होता आठ किलो शंभर.

नीलाताई ओशाळल्या. "चुकलंच माझं. पोरांनो, तुमी होता म्हणून बरं," म्हणत त्यांनी पाचही नावांपुढच्या आकड्यांवर रेघ मारली.

आईनं सिदूला छातीशी धरलं आणि तिथंच रडून घेतलं. घरी येऊन तिनं पिशवी रिकामी केली. तळाशी वाटेसाठी बांधलेले दोन लाडू होते. एक तिनं गोरोबाला दिला, दुसरा हर्षालीच्या हातावर ठेवला.